वर्दी उतरवायची वेळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हातून मी पाचवीत असताना एक बक्षीस घेतलं होतं आणि दहा मिनिटांत ते परत केलं होतं. आजचा विषय त्या दहा मिनिटांतून निघाला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९७२ चा डिसेंबर. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष झालेलं. स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा होती आणि निम्म्या वर्गाला जवान व्हायचं होतं. बाकीच्या पोरांनी पुठ्ठ्याचे बिल्ले कापले. मला पुठ्ठ्याची गरज नव्हती. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार, नेमके रजेवर आलेले, आणि त्यांची काळी ट्रंक माजघरात. मी शर्ट काढला, टोपी काढली, छातीवरची रिबनची पट्टी होती तशी ठेवली, आणि सेफ्टी पिना लावून स्टेजवर उभा राहिलो. पहिलं बक्षीस मिळालं. वडील मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ते विंगेत आले. ओरडले नाहीत. माझ्या छातीवरची रिबनची पट्टी त्यांनी हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "शर्टाचं मी बघून घेईन, तो सरकारचा आहे. ही पट्टी माझी आहे, आणि ती तू मिळवलेली नाहीस." गुरुजी शेजारीच उभे होते; मी बक्षीस त्यांच्या हातात परत दिलं. पुढच्या वर्षीपासून शाळेच्या सूचनाफलकावर एक ओळ वाढली: जवानाच्या वेशात खरी पदके लावू नयेत. गुरुजी निवृत्त होईपर्यंत ती ओळ दरवर्षी लिहिली जायची.

शर्ट सरकारचा, पट्टी माझी. हा फरक कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. आज तो जमेल तसा तुमच्यापुढे मांडतो.

आधी हा शब्दच बघा. वर्दी. हिंदीत वर्दी म्हणजे नुसता गणवेश. पण आपल्या मराठीत? पोलिसांत वर्दी दिली. अग्निशमन दलाला पहाटे आगीची वर्दी मिळाली. पुण्यातले रिक्षावाले काका शाळेची वर्दी मारतात. मराठीत वर्दी म्हणजे खबर. कुणीतरी कुणालातरी रीतसर दिलेली सूचना. आता सैनिकाच्या अंगावरच्या कपड्याकडे या अर्थाने बघा. तो कपडा रस्त्यावरच्या प्रत्येकाला खबर देत असतो, की हा माणूस आत्ता हुकमाखाली आहे, याच्या हातातलं शस्त्र याचं स्वतःचं नाही, याने काही केलं तर त्याचा जाब देशाला द्यावा लागेल. मग हुकूम नसताना, कामावर नसताना तोच कपडा घालून फिरणं म्हणजे काय? आग लागलेली नसताना वर्दी देणं!

कायदा हेच सांगतो, फक्त रुक्ष भाषेत. जुन्या भारतीय दंडसंहितेत कलम १४० होतं. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकाचा पोशाख घातला किंवा तशी खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे हेच कलम १६८ झालं आणि दंडाची मर्यादा दोन हजारांवर गेली. कैद तेवढीच राहिली. यातला महत्त्वाचा शब्द 'हेतू'. म्हणून पाचवीतलं पोर गुन्हेगार ठरत नाही, नाटकातला नट ठरत नाही. मात्र हीच वर्दी घालून कुणी प्रतिबंधित जागेत शिरायला बघितलं, तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लागतो, आणि तिथे गोष्ट तीन वर्षांपर्यंत जाते.

आता बाजारात चला. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. तिथेच कशाला, कुठल्याही तालुक्याच्या आठवडे बाजारात 'मिलिटरी कलर'ची पँट टांगलेली दिसते. ट्रेकला जाणारी पोरं घेतात, सिक्युरिटीवाले घेतात, उसाच्या फडात कळकट होणार नाही म्हणून शेतकरीही घेतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने जाहीर आवाहन केलं, की नागरिकांनी लष्करी धाटणीचे कपडे घालू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत. बाजार ऐकतो का? बाजार आवाहनावर चालत नाही. मग लष्कराने दुसरा रस्ता धरला. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला नवा लढाऊ गणवेश दाखवला गेला, राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तयार केलेला, बारीक चौकटींच्या ठिपक्यांचा. त्याच्या डिझाइनचे हक्क लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले, म्हणजे नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता यावं. ज्या कामाला पूर्वी लाज पुरायची त्याला आता बौद्धिक संपदेचा कायदा लागतो.

जाता जाता एक सूचना. क्रिकेट बघायला वेस्ट इंडीजला जाणारी मंडळी आपल्यात हल्ली असतात. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथे सामान्य माणसाने असले छद्मरंगी कपडे घालायला कायद्यानेच बंदी आहे. बॅगेत लहान मुलाचीसुद्धा तसली चड्डी नको.

आणि ज्यांना बाजारात जायचंच नाही, त्यांच्यापर्यंत खोटी वर्दी फोनवरून येते. तुम्ही जुना सोफा विकायला काढता. पलीकडून फोन येतो: "मी आर्मीत आहे, माझी बदली तुमच्या गावात झाली आहे, पैसे आत्ताच पाठवतो." सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. मग एक क्यूआर कोड येतो, आणि पैसे यायच्या ऐवजी तुमच्याच खात्यातून जातात. हा चोर व्यापाऱ्याचा फोटो का पाठवत नाही? कारण त्याला ठाऊक आहे, वर्दी दिसली की तुम्ही पुढचं विचारणार नाही. आपल्या आदराचा हप्ता तो वसूल करतो.

हे झालं बाहेरच्यांचं. मला खरा रस आहे तो दुसऱ्या बाजूत. ज्याचा वर्दीवर पुरा हक्क आहे, त्याने ती कधी घालू नये?

माझे वडील रजेवर यायचे तेव्हा, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, वर्दीतच एसटीतून उतरायचे. खांद्यावर होल्डॉल, मागे ट्रंक घेतलेलं कुणीतरी पोर. अख्खा पार उठून उभा राहायचा. घरी आले की आजीच्या पाया पडायचे, आणि पहिलं काम, वर्दी उतरवून खुंटीला नव्हे, घडी करून ट्रंकेत. मग धोतर, बंडी, आणि सरळ शेताकडे. आमच्या आईची फार इच्छा असायची, की जत्रेला तरी त्यांनी वर्दीत यावं. चारचौघांत नवरा दिसावा, यात तिचं काय चुकलं? पण ते कधीच आले नाहीत. एकदा तिने धरूनच विचारलं, तेव्हा म्हणाले, "जत्रेत मारामारी झाली तर मी काय करू? नुसता उभा राहिलो तर पलटणीला कमीपणा. मध्ये पडलो तर कुणाच्या हुकमाने पडलो?"

लष्करी शिष्टाचारावर पुढे मी थोडंफार वाचलं, पण या उत्तराच्या पलीकडे मला फारसं काही सापडलं नाही. वर्दीत खिशात हात घालायचे नाहीत, रस्त्यात उभं राहून खायचं नाही, छत्री धरायची नाही, हे सगळे संकेत आम्ही पोरं चेष्टेवारी न्यायचो. छत्री धरायची नाही म्हणजे आमच्या पाटणच्या पावसात काय करायचं! पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वर्दीतल्या माणसाला खाजगी असं काही राहत नाही. त्याची भूक, त्याचं भांडण, त्याचं भिजणं, सगळं पलटणीच्या नावावर जमा होतं. म्हणून ज्याला थोडा वेळ आपलं स्वतःचं जगायचं आहे, त्याने ती आधी उतरवावी.

प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीपुढे झेंडा चढला, की वडील साध्या कपड्यांत नुसते सावधान उभे राहायचे. लोक म्हणायचे, "अहो, तुम्ही फौजी, सॅल्यूट का नाही ठोकला?" ते हसायचे. २००२ च्या ध्वजसंहितेतही तेच आहे. गणवेशातल्यांनी सलामी द्यावी, बाकीच्यांनी सावधान उभं राहावं. सलामीचा हक्क कपड्याबरोबर येतो आणि कपड्याबरोबर जातो.

लष्करात साध्या कपड्यांना मुफ्ती म्हणतात. शब्द आपल्याकडून इंग्रजांनी उचलला. मुफ्ती म्हणजे मुस्लिम धर्मशास्त्राचा जाणकार. ड्यूटी संपल्यावर सैल झगा, सपाता आणि गोंड्याची टोपी घालून बसलेला गोरा अधिकारी नाटकातल्या मुफ्तीसारखा दिसायचा, म्हणून तो शब्द त्या कपड्यांना चिकटला असं सांगतात. पण मुफ्तीतही मोकळीक नाही बरं. खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीतले कॅडेट सुट्टीच्या दिवशी पुण्यात दिसतात, तेव्हा ते ज्या कडक इस्त्रीत आणि ज्या जोडीने चालतात, त्यावरून दुकानदार ओळखतो. मेसमध्ये संध्याकाळी काय घालावं याचेही नियम. आणि ते नियम इतकी वर्षं साहेबाचेच राहिले. भारतीय नौदलाच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालेल, हे ठरायला २०२४ साल उजाडावं लागलं. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, मालवणच्या नौदल दिनानंतर, नौदलाच्या ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. खांदा आणि कुर्ता दोन्ही एकाच हिवाळ्यात आपले झाले.

आता रजेवरच्या जवानाला वर्दीत प्रवास करू नको असंच सांगितलं जातं. कारण सुरक्षिततेचं. लेफ्टनंट उमर फयाझ मे २०१७ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी काश्मीरमध्ये शोपियांला गेले होते. निःशस्त्र होते, रजेवर होते. अतिरेक्यांनी त्यांना घरातून नेलं आणि मारलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये रायफलमन औरंगजेब ईदसाठी घरी निघाले होते, त्यांचंही तेच झालं. ट्रंकेत ठेवलेली वर्दीसुद्धा शत्रू ओळखतो, हे त्यातलं भयंकर. म्हणून जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या माणसांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, तेव्हा मला ती दडपशाही वाटली नाही. तुमचा भाचा, पुतण्या फौजेत असेल, तर त्याचा वर्दीतला फोटो तुम्ही अभिमानाने आपल्या स्टेटसवर लावता. त्याला विचारलंत का? तो संकोचाने नाही म्हणणार नाही. तुम्हीच काढा.

इंग्लंडमध्येही असं घडलं, पण कारण वेगळं. मार्च २००८ मध्ये पीटरबरो गावात हवाई दलाच्या लोकांना रस्त्यात शिवीगाळ होऊ लागली, म्हणून जवळच्या तळाच्या प्रमुखाने त्यांना गावात वर्दीत जाऊ नका असं सांगितलं. देशभर गदारोळ झाला, आणि सरकारी पाहणीचा निष्कर्ष उलटा आला. सैनिकांनी वर्दीत अधिक दिसावं, म्हणजे लोकांना त्यांची ओळख राहील. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण आपल्या गावात वर्दीची ओळख पुसलेली नाही. ज्या तालुक्यांत गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, अपशिंगे मिलिटरी, किंवा 'सैनिक' आहे, सैनिक टाकळी, तिथे ही चिंता कशाला?

मंडळी, एवढा वेळ मी वर्दी उतरवण्याबद्दल बोलतो आहे. पण एक उतरवणं असंही आहे ज्याला मी कधीच माफ करू शकत नाही. १९९९ चं कारगिल आठवा. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे जवान डोंगरमाथ्यांवर चढले होते, आणि त्यांचं सरकार जगाला सांगत होतं, की ते आमचे नाहीत, मुजाहिद आहेत. म्हणजे लढायला पाठवलेल्या माणसाची वर्दी त्याच्या सरकारनेच उतरवली. मग तो मेल्यावर त्याचं प्रेत मागायचं कसं? बहुतेकांचं मागितलंच नाही. कित्येकांना आपल्या सैनिकांनी त्यांच्या धर्मरीतीप्रमाणे तिथेच दफन केलं. टायगर हिलवर पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्यांचं नावच, हुद्दा कॅप्टन) असे लढले, की समोरच्या भारतीय ब्रिगेडियरने त्यांच्या शौर्याची चिठ्ठी लिहून प्रेताच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर दिलं. ज्याची वर्दी नाकारली त्याला सर्वोच्च पदक! माझ्या वडिलांचं म्हणणं इथे लावून बघा. पट्टी त्या माणसाचीच होती, शत्रूनेही ती मान्य केली. वर्दी सरकारची होती, आणि सरकारने हात झटकले.

कुणी म्हणेल, वर्दी सरकारची कशी? अधिकारी तर ती स्वतः शिवून घेतो. बरोबर आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तर गणवेशासाठी वार्षिक भत्ताच मिळू लागला, सुरुवातीला अधिकाऱ्याला वीस हजार, जवानाला दहा हजार. कॅम्पातल्या शिंप्याचं बिल त्याच्या नावावर निघतं. तरीही मी म्हणतो, कापड त्याचं, वर्दी देशाची.

म्हणूनच दोन उदाहरणं घेतो, एकाच माणसाची. महेंद्रसिंग धोनींना २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. २ एप्रिल २०१८ ला त्यांनी पद्मभूषण लष्करी वर्दीत स्वीकारलं. मला ते योग्य वाटलं. राष्ट्रपतींसमोर, हुद्द्याला साजेसा समारंभ. पण २०१९ च्या विश्वचषकात त्यांच्या यष्टिरक्षणाच्या ग्लव्हजवर पॅरा कमांडोंचं बलिदान चिन्ह दिसलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ते काढायला लावलं, आणि आपल्याकडे लोक चिडले. मला विचाराल तर परिषद बरोबर होती. धोनींचा हेतू निर्मळच होता. पण ते चिन्ह खेळाच्या साहित्यावरचं नाही, ते कुठल्या छातीवर लागतं हे धोनींपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक? आपल्या सचिन तेंडुलकरांना २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं. ते त्या वर्दीत हवाई दलाच्या कार्यक्रमांत दिसले, जाहिरातीत नाही. तेच मला शोभलं.

आणि पुढारी? निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावलं, की सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका. फोटो चालत नाही, तर प्रचारसभेत लष्करी रंगाचं जाकीट कसं चालतं? पक्ष कुठलाही असो. सैनिकाला राजकीय सभेत भाग घ्यायला लष्करी नियमांनी मनाई आहे. तो जिथे जाऊ शकत नाही तिथे त्याचा कपडा नेऊ नये.

निवृत्तांचं थोडक्यात सांगतो, कारण या सभागृहात ते बरेच आहेत आणि मला सुधारतील. आमच्या गावात चौदा मेजर आहेत. त्यातले तेरा शिपाई किंवा नायक म्हणून परत आले. गाव प्रेमाने मेजर म्हणतं, कुणी हरकत घेत नाही. पण अधिकाऱ्यांच्या नावात एक बारकावा आहे. 'ब्रिगेडियर (निवृत्त) अमुक' असं लिहिणं चूक, 'ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)' बरोबर. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. राज्यघटनेचं अठरावं कलमही बघा. सरकारने किताब देऊ नयेत असं सांगताना घटनेने लष्करी आणि विद्याविषयक सन्मान तेवढे वगळले. वर्दी उतरते, हुद्दा आणि पदकं उरतात. म्हणून २०१५ मध्ये जंतरमंतरवर 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' मागणारे म्हातारे सैनिक वर्दी न घालता, पण पदकं लावून बसले, आणि १४ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना हटवायला बघितलं, तेव्हा देशाला जे टोचलं ते या फरकामुळे. पदकं लावून आंदोलन करावं का, यावर मतभेद होते. मला त्यात वावगं दिसत नाही. ती त्यांची होती.

पण आता एक नवा प्रश्न दारात उभा आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. मूळ योजनेत भरतीचं वय साडेसतरा ते एकवीस, सेवा चार वर्षं, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम. म्हणजे बाकीची पोरं पंचविशीच्या आसपास वर्दी उतरवून गावी येणार. माझ्या वडिलांनी ती उतरवली तेव्हा त्यांच्याजवळ पेन्शन होती, पट्टी होती आणि पाराचा मान होता. या पोरांजवळ काय असेल? वर्दीचे संकेत त्यांना चार वर्षं शिकवले जातील. वर्दी नसताना कसं उभं राहायचं हे त्यांना शिकवायची जबाबदारी लष्करावर आहेच, पण ती आपल्यावरही आहे. ती पोरं गावात आली की त्यांना माजी सैनिक म्हणा. पाठीमागे 'चार वर्षांचा फौजी' म्हणून हसू नका. मी हे हसणं ऐकलं आहे, म्हणून सांगतो.

शेवटचं, आणि हे घरी गेल्यावर करण्यासारखं. वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी आमच्या दारात बोहारीण आली. आईने जुन्या कपड्यांचं गाठोडं काढलं, त्यात वडिलांची हिरवी जर्सी आणि दोन शर्ट होते. बदल्यात स्टीलचा एक डबा मिळणार होता. आईने आधी कात्री आणली, खांद्याच्या पट्ट्या उसवल्या, पितळी बटणं एकेक करून कापली, हवालदाराच्या फिती काढल्या, आणि मग ते शर्ट बोहारणीच्या हाती न देता फाडून फडकी केली. जर्सी ठेवून घेतली. डबा आला नाही. तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल. वर्दी भंगारात, बोहारणीला किंवा जुन्या बाजारात जाऊ देऊ नका. बिल्ले, फिती, बटणं उसवून ठेवा, आणि पदकं नातवंडांना दाखवा, पण लावायला देऊ नका.